चौकोनी पॅराशूटचा शोध : प्रश्न एक, तारखा तीन

नांदेड-लातूरकडच्या आपल्यासारख्यांना एका ओळीचं उत्तर फार आवडतं. शोध कोणी लावला? अमक्यानं. कधी? अमुक साली. लातूर पॅटर्नमध्ये त्याचे गुणही मिळतात. पण 'पेट' पास होऊन संशोधन आराखडा लिहायला बसलं की हेच उत्तर गाईडसमोर दोन मिनिटं टिकत नाही. का टिकत नाही, ते एका उदाहरणातून पाहू.

आधी वस्तू समजून घेऊ. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जॅक गार्नरँ यांनी पॅरिसमध्ये फुग्यातून पॅराशूटनं उडी घेतली. तिथून पुढे दीडशेहून जास्त वर्षं पॅराशूट म्हणजे छत्रीसारखं गोल कापड, हे ठरलेलंच होतं. गोल पॅराशूट हवा अडवतं आणि वेग कमी करतं. माणूस कुठे उतरणार, हे मात्र बरंचसं वाराच ठरवतो.

चौकोनी पॅराशूटचं तत्त्वच वेगळं. लोडाच्या खोळी शेजारी-शेजारी शिवल्यात, पुढची तोंडं उघडी आणि मागची बंद, अशी कल्पना करा. पुढे जाताना हवा आत शिरते, खोळी फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. मागच्या कडेची दोरी ओढली की ते वळतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती, आठवतं? तसल्या उड्यांसाठी आज हेच पॅराशूट वापरतात. इंग्रजीत त्याला 'स्क्वेअर' म्हणतात, पण ते चौरस नसतंच, सुरुवातीची तर सरळ आयताकृती होती. इथे मराठीतला 'चौकोनी' हा शब्दच जास्त बरोबर आहे.

आता तारखा. कॅनडात जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले डोमिना जाल्बर्ट हे पतंग आणि फुगे बनवणारे गृहस्थ. त्यांनी या रचनेच्या पेटंटसाठी १ ऑक्टोबर १९६४ रोजी अर्ज केला. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९६६ रोजी. म्हणून कुठे १९६४ वाचायला मिळतं, कुठे १९६६. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या घटनांचे आहेत. स्वतःच्या विमानाचा पंख मोजताना जाल्बर्टना ही कल्पना सुचली, अशी एक गोष्टही सांगतात. गोष्ट छान आहे, पण तारखेला आधार पेटंटचाच घ्यायचा.

पेटंटचं शीर्षक आहे 'मल्टी-सेल विंग टाइप एरियल डिव्हाइस'. यात 'पॅराशूट' हा शब्दच नाही! तुम्ही फक्त 'स्क्वेअर पॅराशूट' असं शोधत बसलात, तर मूळ कागद हाती लागणं अवघड. ज्या काळाचा अभ्यास करायचा, त्या काळातले शब्द आधी गोळा करा म्हणतात, ते यासाठीच.

तिसरी तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथे प्रश्न जिवाचा होता. पंख तयार होता, पण तो इतक्या झटक्यात उघडायचा की उडी मारणाऱ्याला जबर हिसका बसायचा, कापड-दोऱ्यांवरही प्रचंड ताण यायचा. अमेरिकेतले अभियंते आणि स्कायडायव्हर स्टीव्ह स्नायडर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पॅरा-प्लेन' विक्रीला आणलं. त्यात उघडण्याचा वेग दोऱ्या-कड्यांच्या व्यवस्थेनं आवरला होता. त्याच दशकात स्लायडर रुळला. स्लायडर म्हणजे चार कोपऱ्यांत चार कड्या असलेला कापडाचा तुकडा. पॅराशूटच्या दोऱ्या या कड्यांतून जातात. वर पंख फुगत जातो तसा हा तुकडा हवेच्या दाबाला तोंड देत हळूहळू खाली सरकतो, आणि तेवढ्या वेळात पॅराशूट बेतानं उघडतं. चौकोनी पॅराशूट सर्वसामान्य स्कायडायव्हरच्या पाठीवर आलं ते अशा सुधारणांमुळे.

मग शोध कधी लागला? कल्पनेचा मालक कोण, हा प्रश्न असेल तर १९६४. कायदेशीर हक्क कधी मिळाला, तर १९६६. माणसं भरवशानं उड्या कधी मारू लागली, तर १९७० चं दशक. आणि मऊ कापडाच्या पंखाची सुरुवात शोधायची असेल, तर आणखी मागे, फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याच्या १९४८ च्या पतंगापर्यंत जावं लागेल.

म्हणून आराखड्यात 'सर्वप्रथम' हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारा: प्रथम म्हणजे काय? सुचलं, नोंदवलं, विकलं की वापरलं? यातला एक पर्याय निवडला की कोणता कागद शोधायचा, हे आपोआप कळतं. आणि पेटंटचे जुने कागद आज मोबाइलवर फुकट वाचता येतात. त्यासाठी मुंबई-पुण्याचं ग्रंथालय गाठायची गरज नाही.