पाझर कुठं फुटतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझे मामू मोटार मिस्त्री होते. सोलापुरात त्यांचं छोटंसं गॅरेज होतं. एका टॅक्सीमालकाच्या अँबेसिडरचं इंजिन त्यांनी खोलून, पुन्हा बांधून दिलं. आठ दिवसांत गाडी परत आली. इंजिनाखाली तेलाचा डाग पडत होता. मालक म्हणाला, "मिस्त्री, काम कच्चं केलंत." उरलेली मजुरी त्यानं दिलीच नाही, गाडीही दुसरीकडे नेली. मामू वाद घालत बसले नाहीत. मी तेव्हा शाळकरी होतो. मामूंची खाली गेलेली मान माझ्या मनात राहिली. त्यांच्या कामात खरंच कसूर होती का? या प्रश्नाचा माग काढता काढता मी फार पुढं इंग्लंडमधल्या एका स्पोर्ट्स कारपर्यंत जाऊन पोचलो.

त्या गाडीचं नाव एमजीबी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या बनल्या, पाच लाखांहून अधिक. त्यातल्या पुष्कळशा जहाजांतून अमेरिकेला गेल्या. आता तिचा आणि सोलापूरचा संबंध काय? १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या कंपन्या एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. तिचं 'बी सिरीज' नावाचं इंजिन अनेक गाड्यांत बसलं. १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये ते १४८९ सीसीचं होतं, एमजीबीमध्ये १७९८ सीसीचं. आपली अँबेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचं देशी रूप. तिच्यातही पुढं याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आलं. म्हणजे साहेबाची स्पोर्ट्स कार आणि आमच्या स्टँडवरची टॅक्सी या चुलत बहिणीच म्हणायच्या!

या इंग्रजी गाड्यांची एक जुनी थट्टा आहे. खाली तेल दिसत नसेल तर काळजी करा, कारण आतलं तेल संपलेलं असणार. थट्टेत दोष कारागिराच्या माथी जातो. पण खरी गोष्ट थोडी वेगळी आहे.

इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा दांडा फिरतो. त्याचं मागचं टोक बाहेर निघून क्लचकडे जातं. दांडा फिरता ठेवायचा आणि तेल मात्र आत राखायचं, हा पेच आहे. जुन्या बी सिरीजमध्ये तिथं रबरी सील नव्हतंच. दांड्याच्या मागच्या भागावर स्क्रूसारखा आटा कापलेला असे. दांडा फिरला की तो आटा बाहेर निघू पाहणारं तेल पुन्हा आत ढकलायचा. कशाला कशाचं घर्षण नाही, म्हणून झीज नाही. युक्ती हुशारीची होती. फक्त इंजिन बंद झालं की ती युक्तीही थांबायची. केसाएवढ्या फटीतून चार थेंब खाली यायचे.

यावर उपाय जगाला ठाऊक नव्हता असं नाही. जर्मनीत वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कंपनीनं १९३० च्या दशकात फिरत्या दांड्यासाठी सील बनवलं. आधी चामड्याचं, मग कृत्रिम रबराचं. आपल्या हापशातला चामडी वायसर आठवा, म्हणजे कल्पना येईल. एमजीबीला मागचं रबरी सील मिळालं ते १९६४ च्या अखेरीस, पाच बेअरिंगचं नवं इंजिन आलं तेव्हा. तोवरच्या तीन बेअरिंगच्या इंजिनांत मागून येणारे थेंब हे रचनेतच लिहिलेले होते.

मग गळती शोधायची कशी? मामूंची एक ओळ होती, "बेटा, तेल जाँ टपकता, वाँ फूटता नै." तेल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं सरकतं. म्हणून आधी इंजिन धुऊन कोरडं करायचं. थोडी टाल्कम पावडर उडवायची, गाडी फिरवून आणायची आणि वरून खाली बघत यायचं. आधी टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग. मग इंजिनाच्या कुशीतली दोन झाकणं. गळतंय म्हणून यांचे बोल्ट आवळत गेलं तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते. मग पुढचं सील, सम्पचं पॅकिंग आणि सर्वांत शेवटी मागची बाजू. तिथं क्लचच्या घराला तळाशी एक भोक असतं, त्यात सैल कॉटर पिन हलत असते. ते बुजू नये म्हणून ही सोय. तिथून थेंब आला तर तो इंजिनाचा की गियरबॉक्सचा, हे वासावरून कळत नाही. एमजीबीच्या गियरबॉक्समध्येही इंजिनाचंच ऑइल घालतात! आणि मागचं सील बदलायचं तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं.

म्हणून एवढ्या मोठ्या कामाला हात घालण्याआधी एक साधी गोष्ट बघायची असते. इंजिनाला श्वास घेण्यासाठी नळी असते. ती काजळीनं बुजली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. सील नवं घातलं तरी गळती थांबत नाही.

काही वर्षांनी मामूंकडे तसंच गळणारी दुसरी अँबेसिडर आली. त्यांनी ती नळी काढली, रॉकेलनं धुतली, तार घालून मोकळी केली. गळती बरीच कमी झाली. मामू बराच वेळ नळी हातात धरून बसले होते. आधीच्या गाडीत हेच होतं का, हे आता कळायला मार्ग नव्हता. नळी न बघता इंजिन बांधलं असेल तर थोडी चूक त्यांचीही होती, असं ते पुढं स्वतःच म्हणाले. पण काम कच्चं नव्हतं.

अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. अँबेसिडर बनणं २०१४ मध्ये थांबलं. मामूही आता नाहीत. कारखान्यातल्या कामगारांच्या नावावर मात्र ती थट्टा अजून आहे, आणि मामूंची मजुरी कुणाकडे तरी अजून बाकी आहे. डाग दिसला की जवळच्या माणसाकडे बोट दाखवणं सोपं असतं. आधी पुसून, कोरडं करून, वरून खाली बघत यायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या दिवशी मामूंना कुणी दिला नाही.