२४ मार्च : कलम ६६-अ रद्द (२०१५)

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आजच्या दिवशी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ऑनलाइन मजकूर ‘अत्यंत आक्षेपार्ह’ ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदवर फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ती पोस्ट नुसती ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला आणि दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी याचिका दाखल केली. न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने मत मांडणे, बाजू घेणे आणि चिथावणी देणे यांत स्पष्ट फरक केला. कायद्याचा बडगा उगारता येतो तो चिथावणीच्या टप्प्यावरच. संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ मात्र कायम राहिले. निकालानंतरही कलम ६६-अ खाली गुन्हे नोंदवले जात राहिल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या शेतकऱ्याने संत्र्याच्या नुकसानभरपाईबद्दल मोबाइलवरून जाब विचारला, तर त्याच्याही पाठीशी हा निकाल उभा आहे. हा निकाल प्रत्येक पोलीस ठाण्यात ठाऊक असायलाच हवा.