पवनारहून पायी

हल्ली तरुण मंडळी संघ करून चिखल, भिंती, दोर असे अडथळे पार करत धावतात आणि कुणासाठी तरी देणगी जमवतात. ते पाहिलं की मला आमच्या वर्धा जिल्ह्यातलं पवनार आठवतं.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी विनोबांकडे ८० एकर मागितले. रामचंद्र रेड्डींनी तिथल्या तिथे १०० देऊ केले. भूदान सुरू झालं ते असं. पुढे नेहरूंनी दिल्लीला बोलावलं. विनोबा म्हणाले, येईन, पण पायी. १२ सप्टेंबर १९५१ ला, छप्पन्न पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, धाम नदीकाठच्या आश्रमातून ते निघाले. सोबत मोजकी माणसं. पोटात अल्सर, म्हणून आहार दही-दुधाचा. पहाटे अंधारात चालायला लागायचं, गावात मुक्काम, प्रार्थनासभा, आणि जमीन मागायची. दोन महिन्यांनी दिल्ली आली. चालणं मात्र थांबलं नाही. बिहारात मलेरियाने गाठलं, तरी नाही.

मिळालेली पुष्कळ जमीन खडकाळ नाहीतर तंट्यातली निघाली, वाटपही रखडलं. टीकाकारांचं हे म्हणणं खरंच आहे. पण माझा राग तसली जमीन देणाऱ्यांवर आहे, मागणाऱ्यावर नाही.

१० एप्रिल १९६४ ला विनोबा पवनारला परतले तेव्हा ६८ वर्षांचे होते.