हुकूम देणारा

युद्धगुन्ह्यांचे खटले म्हटलं की मला न्यूरेंबर्गच आठवायचं. परवा लाइपझिगच्या १९२१ च्या खटल्याबद्दल वाचलं आणि डोकं भणाणलं.

२७ जून १९१८. आयर्लंडजवळच्या समुद्रात यू-८६ या जर्मन पाणबुडीने 'लँडोव्हरी कॅसल' हे इस्पितळ-जहाज बुडवलं. चौदा नर्सेसची बोट भोवऱ्यात गेली. मग साक्षीदार उरू नयेत म्हणून बाकीच्या बोटींवर तोफ डागली. २५८ पैकी २४ वाचले.

कप्तान हेल्मुट पाट्झिग कोर्टाच्या हाती लागलाच नाही. शिक्षा झाली त्याच्या हाताखालच्या दोघांना, चार-चार वर्षं. हुकूम उघड बेकायदा असेल तर पाळणाराही दोषी, असं कोर्टाने बजावलं. तेही पुढे निसटलेच.

पाट्झिग दुसऱ्या महायुद्धात पुन्हा पाणबुडीवर होता. वारला १९८४ साली, नव्वदी ओलांडून.

निकाल आजही कायद्याच्या पुस्तकांत आहे. ज्याने हुकूम दिला, त्याला मात्र कुणीच काही विचारलं नाही. हेच पचत नाही. असो.