होहोबा : नर-मादीचा पेच

एकलिंगी झाडे शिकवताना आपण पपईचे उदाहरण देतो. शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतो आणि काही महिन्यांनी फुले आली की जादा नर उपटून टाकतो. पण फुलांसाठी तीन-चार वर्षे थांबावे लागले तर? अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातील होहोबा या झुडपाने हाच पेच टाकला. (त्याचे शास्त्रीय नाव सिमॉन्ड्सिया चायनेन्सिस, चीनशी मात्र काडीचाही संबंध नाही!)

होहोबाच्या बीचे जवळजवळ निम्मे वजन ‘तेला’चे असते. हे तेल म्हणजे खरे तर स्पर्म व्हेलच्या तेलासारखे द्रवरूप मेण आहे, हे १९३३ मध्ये ॲरिझोनात कळले. पण ती माहिती तशीच पडून राहिली. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त ठरवले व त्याच्या तेलाची आयात थांबवली, तेव्हा वंगणासाठी होहोबा आठवला. घाईघाईने रानातले बी पेरले गेले. सुमारे निम्मी झाडे नर निघाली, माद्यांचे उत्पन्नही सारखे नव्हते. अनेक लागवडी सोडून द्याव्या लागल्या.

तोडग्याची सामग्री तयार होती. १९०२ मध्ये हाबरलांट यांनी वनस्पतीच्या सुट्या पेशी वाढवून पाहिल्या. त्या जगल्या, पण विभागल्या नाहीत. मूळ फुटणार की कोंब, हे ऑक्सिन व सायटोकायनिनच्या प्रमाणावर ठरते, असे स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये दाखवले. १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी तंबाखूसाठी बनवलेले माध्यम पुढे असंख्य वनस्पतींना चालले; १९८० च्या दशकात होहोबालाही.

भरपूर बी देणाऱ्या मादीचे पेर निर्जंतुक करून बाटलीत ठेवतात. सायटोकायनिनने कोंब फुटतात, मग ऑक्सिनने मुळे. सगळी रोपे मादी! परागण वाऱ्याने होत असल्याने शेकडा दहाच्या आसपास नर मुद्दाम लावायचे.

खरी कसोटी बाटलीबाहेर लागते. दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. वाळवंटातले, बियांत मेण साठवणारे हे झुडूप कोरड्या हवेनेच कोमेजते, याची आम्हांला गंमत वाटते. रोपांना आठवडे-आठवडे हळूहळू सरावावे लागते. खर्च वाढतो, म्हणून छाटकलमेही मागे पडली नाहीत.

भारतात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १९६५ मध्ये इस्राएलहून होहोबा आणला. बियांपासूनची झाडे एकसारखी नसतात, आणि बाटलीत नेण्याजोगी मादी त्यांच्यातूनच निवडावी लागते.