आट्यांची गोष्ट

मामा गेल्यावर त्याचा झेनिट ई कॅमेरा माझ्याकडे आला. शटर जाम. दुरुस्तीवाल्याने हात जोडले, म्हणाला, "लेन्स तेवढी ठेवा." हेलिओस-४४-२. तिच्या मागे बाटलीच्या झाकणासारखे साधे आटे. झालं, शनिवार-रविवारची सोय लागली!

या आट्यांचं नाव एम४२. व्यास ४२ मिमी, पिच १ मिमी. १९४९ साली पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला कॉन्टॅक्स एस हे आटे घेऊन आला, तिथल्याच प्राक्टिकानेही तेच घेतले. १९५७ मध्ये जपानच्या असाहीने आपल्या पेंटॅक्सला तेच लावले, पुढे सोव्हिएत झेनिटनेही. शीतयुद्ध ऐन भरात, आणि दोन्ही गोटांतल्या लेन्सेस एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर फिट्ट! आमच्या धंद्यात याला ओपन स्टँडर्ड म्हणतात.

मग ते मागे का पडलं? १९६४चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक लेन्समधून आलेलाच प्रकाश मोजायचा, पण त्यासाठी अ‍ॅपर्चर बारीक करावं लागायचं आणि व्ह्यूफाइंडर अंधारायचा. अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मोजायचं तर लेन्सने कॅमेऱ्याला आपला आकडा कळवायला हवा. नुसत्या आट्यांत ती सोय कुठली? मग ज्याने त्याने आपापली जुगाडं जोडली. एका स्टँडर्डचे चार फोर्क! शेवटी १९७५ मध्ये पेंटॅक्सनेच आटे सोडून के बायोनेट आणला. पण माउंट ते फिल्म हे ४५.४६ मिमी अंतर तेच ठेवलं, म्हणून साध्या रिंगने जुन्या लेन्सेस नव्या बॉडीवर चालतात. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणजे आणखी काय असतं!

मी जुना स्पॉटमॅटिकच घेतला. तुम्हाला घ्यायचा असेल तर शटर १ सेकंदावर लावून कानाने ऐका, अडखळता कामा नये. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा, आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. मीटर मेलेला असला तरी चालेल, बॅटरी फक्त त्यालाच लागते, शटर पूर्ण यांत्रिक आहे.

मामाची लेन्स फिरवून बसवली. काही अडॅप्टर वगैरे नाही. रिंग उघडून फोकस, मग रिंग बंद करून मोजमाप. पहिला फोटो मामीचा. थोडा हललाय, पण तो दोष लेन्सचा नाही, माझ्या हाताचा. मामीने मात्र तो फ्रेम करून मामाच्या फोटोशेजारी लावलाय.

असो. रोलमध्ये अजून ११ फोटो शिल्लक आहेत.