डॉसमधील डिस्कची मोजदाद

नागपूरच्या महाविद्यालयांत आणि कार्यालयांत १९९०च्या दशकात जे पीसी आले, त्यांतल्या बहुतेकांवर एमएस-डॉस चालत असे. डिस्कवर किती जागा उरली हे कोणत्याही प्रोग्रामला प्रणालीलाच विचारावे लागे. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत, १९८१ साली, त्यासाठी षोडशमान १बी क्रमांकाची सेवा होती. मात्र मोकळी जागा काढायची तर प्रोग्रामला फाइल वाटप तक्ता (फॅट) स्वतः वाचून रिकाम्या नोंदी मोजाव्या लागत.

१९८३ साली आलेल्या डॉस २.०ने षोडशमान ३६ ही सेवा देऊन हे काम हलके केले. षोडशमान २१ क्रमांकाच्या इंटरप्टद्वारे हाक दिली की चार रजिस्टरांत चार आकडे मिळत: क्लस्टरमागे (म्हणजे सेक्टरांच्या गटामागे) सेक्टर, मोकळे क्लस्टर, सेक्टरमागे बाइट आणि एकूण क्लस्टर. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ३५४ क्लस्टर, प्रत्येकी २ सेक्टर आणि सेक्टरमागे ५१२ बाइट असत. गुणाकार ३,६२,४९६ बाइट.

रजिस्टर १६ बिटांचे असल्याने ६५,५३५ पलीकडचा आकडा त्यात मावत नसे. ३२ केबीचा क्लस्टर धरला तरी मर्यादा सुमारे २ जीबी. १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीत फॅट३२ आले, तेव्हा मोठ्या डिस्कसाठी षोडशमान ७३०३ ही नवी सेवा द्यावी लागली. युनिक्समध्ये हेच काम आधी यूस्टॅट, नंतर स्टॅटएफएस आणि प्रमाणित स्टॅटव्हीएफएस यांनी केले.